चित्र पाहणे आणि चित्र कळणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावी, वाचनालयाच्या खोलीत, काही मंडळी अधूनमधून एकत्र बसतात आणि एकच चित्र किंवा एखाद्या शिल्पाचे छायाचित्र सावकाश पाहतात. त्यांत शेतकरी असतात, शिक्षक असतात, अंगणवाडी सेविका आणि बारावीची मुलेही असतात. तेथे पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न आणि त्यांची मला पटलेली उत्तरे पुढे दिली आहेत. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच म्हणणे आहे: चित्रातली वस्तू ओळखू आली की आपण पाहणे थांबवतो, आणि कलेचा विचार तर त्यानंतरच्या पाहण्याचा आहे.

मला चित्रातले काही कळत नाही. मग मी पाहून काय उपयोग?

असे म्हणणाऱ्या बहुतेकांना चित्रात काय दाखवले आहे ते नीट कळलेले असते. त्यामागे आणखी काही गूढ अर्थ असावा आणि तो शहरातल्या जाणकारांनाच ठाऊक असावा, ही त्यांची धास्ती असते. काही चित्रांना तसा अर्थ असतोही, पण तो माहितीचा भाग आहे आणि माहिती विचारून मिळते. पाहणे मात्र दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. बैलबाजारात जनावराचा खांदा, खूर, दात आणि चाल न्याहाळल्याशिवाय जो माणूस पैशाची गोष्ट काढत नाही, त्याला बारकाईने पाहणे शिकवण्याची गरज नाही. त्याने तेवढाच वेळ चित्रापुढे द्यावा, एवढेच त्याला सांगायचे असते.

डोळे उघडले की दिसते. त्यात तत्त्वज्ञान कोठून आले?

दर वाढण्याची वाट पाहत घरात साठवलेला कापूस एप्रिलच्या दुपारी दारातून पाहावा आणि मग दाराबाहेरच्या वावरातील काळी जमीन पाहावी. कापूस पांढरा दिसतो, जमीन काळी दिसते. आता उजेडाचा हिशेब करू. लक्स हे उजेड मोजण्याचे एकक; भर उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो, तर घरात तो काही शे लक्सवर येतो. कापूस आपल्यावर पडलेला बहुतेक प्रकाश परत पाठवतो आणि काळी माती जेमतेम दहावा हिस्सा परत पाठवते, हे खरे. तरीसुद्धा बाहेरच्या काळ्या मातीकडून डोळ्यात येणारा प्रकाश हा घरातल्या पांढऱ्या कापसाकडून येणाऱ्या प्रकाशाच्या कितीतरी पट असतो. डोळा नुसता प्रकाश मोजत असता, तर आपल्याला माती पांढरी आणि कापूस काळा दिसायला हवा होता.

तसे होत नाही, कारण मन प्रत्येक वस्तूची तिच्या आजूबाजूच्या वस्तूंशी तुलना करते, उजेड किती आहे याचा अंदाज बांधते आणि मग रंग ठरवते. हे सारे आपल्याला न कळत घडते. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने याला अजाणता केलेले अनुमान म्हटले. शिवाय डोळ्याला स्पष्ट दिसणारा भाग फारच लहान असतो. हात लांब करून अंगठ्याचे नख पाहिले, तर साधारण तेवढाच भाग एका वेळी बारकाव्यांसह दिसतो. नजर सेकंदाला सुमारे तीन वेळा उड्या मारत राहते आणि त्या तुकड्यांतून आपण अखंड दृश्य उभे करतो. म्हणजे दिसण्यात आपला स्वतःचा वाटा आहे. तो किती आहे, आणि तो वजा केला तर जगाचे काय उरते, हे तत्त्वज्ञानाचे जुने प्रश्न आहेत. चित्रकारापुढे ते रोज प्रत्यक्ष उभे राहतात. त्याच्या रंगपेटीतील पांढरा आणि काळा यांच्यातील अंतर उन्हा-सावलीतील अंतरापुढे अगदीच तोकडे असते, त्यामुळे विदर्भातील ऊन तो कागदावर उतरवू शकतच नाही. त्याला उतरवता येते ते उजेड आणि अंधार यांचे परस्परांशी असलेले नाते, आणि उरलेले काम पाहणाऱ्याचे मन करते.

दुकानात आवडलेला लुगड्याचा रंग घरी आल्यावर वेगळा का दिसतो?

एक कारण दुकानातील दिव्याचे असते. ट्यूबलाइटच्या आणि उन्हाच्या प्रकाशात वेगवेगळ्या रंगांचे मिश्रण निराळे असते, आणि दुकानात एकसारखे वाटलेले दोन रंग उन्हात वेगळे पडू शकतात.

दुसरे कारण शेजारच्या रंगाचे आहे आणि कलेच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहे. पॅरिसच्या गोब्लँ या पडदे विणण्याच्या कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा तेथील रसायनतज्ज्ञ शेव्रल याने धागा तपासला. रंगात काही खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी बसल्यामुळे काळा रंग उतरल्यासारखा दिसत होता. या शोधावरील त्याचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्या पिढ्यांतील चित्रकारांनी त्याचा मनापासून अभ्यास केला. पोळ्यासाठी झूल शिवणारी बाई लाल कापडावर हिरवी किनार लावते तेव्हा दोन्ही रंग एकमेकांना उठाव देतात, हे तिला ग्रंथ न वाचताही ठाऊक असते.

कागदावर बैल नसतो, तरी बैल दिसतो. हा भास आहे का?

माझ्या मते या सर्व प्रश्नांत हा सर्वांत सुंदर प्रश्न आहे, आणि त्याचा सर्वांत नेमका विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. नवव्या शतकाच्या सुमारास काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या श्रीशंकुकाने तो नाटकाच्या संदर्भात मांडला. त्याचे विवेचन आपल्यापर्यंत अभिनवगुप्ताच्या लेखनातून पोचले आहे. रामाची भूमिका करणारा नट पाहताना हा खराच राम आहे असे आपण मानत नाही. आधी राम समजलो आणि मग तो राम नसल्याचे ध्यानात आले, असेही होत नाही. हा राम असेल की नसेल असा संशयही नसतो, आणि हा रामासारखा आहे अशी तुलनाही मनात चाललेली नसते. खरे ज्ञान, खोटे ज्ञान, संशय आणि सादृश्य या चारही प्रकारांत न बसणारी ही प्रतीती आहे, आणि तिचा दाखला म्हणून शंकुक चित्रातला घोडा पुढे करतो. यालाच चित्रतुरगन्याय म्हणतात. अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी, नट मूळ पात्राचे अनुकरण करतो या शंकुकाच्या कल्पनेवर कडक टीका केली आणि ती बरीचशी योग्यही होती. परंतु चित्रातल्या घोड्याविषयीचे मूळ निरीक्षण त्या टीकेनंतरही टिकून राहते.

विसाव्या शतकात गॉम्ब्रिख आणि वॉलहाइम या दोन विचारवंतांमध्ये जवळजवळ याच जागी मतभेद झाला. गॉम्ब्रिख यांच्या मते आपण एका वेळी एक तर रंगाचा थर पाहतो, नाही तर त्यातली वस्तू पाहतो; दोन्ही एकदम पाहता येत नाहीत. वॉलहाइम यांच्या मते पृष्ठभाग आणि त्यातील वस्तू यांचे भान एकाच वेळी असणे, हेच चित्र पाहण्याचे वैशिष्ट्य आहे. या वादात मी वॉलहाइम यांच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण झाडीपट्टीच्या रंगभूमीवर सापडते. दिवाळीनंतर वडसा, ब्रह्मपुरी या भागांत रात्ररात्र नाटके चालतात. मागे राजवाड्याचा रंगवलेला पडदा असतो. मध्यरात्री वारा सुटतो, पडद्याला हेलकावा बसतो आणि राजवाड्याचे खांब पोटाशी वाकतात. कापड हलल्याचे प्रत्येकाला दिसते, तरी कोणाच्याही दृष्टीने राजवाडा कोसळत नाही. समोरचा प्रेक्षक फसलेलाही नसतो आणि नाटकातून बाहेरही पडलेला नसतो. नुसता राजवाडा दिसला असता तर ती फसवणूक ठरली असती, नुसते कापड दिसले असते तर नाटक उभेच राहिले नसते.

लहान मुले बैलगाडीची दोन्ही चाके एकाच बाजूला काढतात. ती चूक सुधारावी का?

घाई करू नये. मुलाला गाडीला दोन चाके आहेत हे माहीत असते आणि ते त्याला सांगायचे असते. एका जागी उभ्या असलेल्या एका डोळ्याला जेवढे दिसते तेवढेच काढायचे, हा नियम चित्रकलेच्या इतिहासात बराच उशिरा आला. इटलीतील आल्बेर्ती याने तो १४३५ मध्ये लेखी मांडला. लांबवर जाताना चिंचोळा होत जाणारा पांदणरस्ता त्या नियमाने उत्तम काढता येतो. परंतु अजिंठ्याच्या भिंतींवरील कथाचित्रांत एकच व्यक्ती एकाच भिंतीवर अनेकदा येते, काळ आणि जागा तेथे शेजारी शेजारी नांदतात आणि पाहणारा चालत चालत कथा वाचतो. ती लेणी आपल्याला परकी नाहीत: वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथील वाकाटक राजा हरिषेण याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने १६ क्रमांकाचे लेणे अर्पण केले, असे तेथील शिलालेख सांगतो. त्या चित्रकारांना एका डोळ्याचा नियम जमला नाही असे म्हणणे गैर आहे. त्यांना जे सांगायचे होते त्याला तो नियम पुरा पडला नसता. मुलाला दोन्ही पद्धती दाखवाव्यात, आणि कोणत्या पद्धतीने काय दाखवता येते यावर त्याच्याशी बोलावे.

खेड्यातल्या माणसाची नजर शहरातल्या माणसापेक्षा वेगळी असते का?

दोन सारख्या लांबीच्या रेषांच्या टोकांना आत किंवा बाहेर वळलेले बाण जोडले, तर एक रेषा लांब वाटते; ही आकृती १८८९ मध्ये म्युलर-लायर याने मांडली. सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स या संशोधकांनी वेगवेगळ्या समाजांत तिची परीक्षा घेतली आणि १९६६ मध्ये असे मांडले की, अमेरिकेतील लोक या भ्रमाला आफ्रिकेतील कित्येक समाजांपेक्षा जास्त बळी पडतात. काटकोनी भिंती आणि चौकटी असलेल्या घरांत वाढल्यामुळे असे होते, हे त्यांचे स्पष्टीकरण होते. ते फार लोकप्रिय झाले, पण निर्विवाद राहिले नाही. जन्मापासून अंध असलेल्या भारतीय मुलांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या ‘प्रकाश’ प्रकल्पातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की, नुकतीच दृष्टी आलेल्या मुलांनाही हा भ्रम लगेच होतो. अशा मुलांना घरांचे कोपरे पाहण्याची सवय असण्याचा प्रश्नच नव्हता.

त्यामुळे मूळ नजर वेगळी असते असे ठामपणे म्हणू नये. सवयीने लक्ष कोठे जाते, हे मात्र नक्की वेगळे असते. आमच्या बैठकीत एका निसर्गचित्रातील आभाळ पाहून, हा पाऊस पडणारा ढग नाही, असे एका शेतकरी काकांनी सांगितले. चित्रकाराने ढगाच्या पोटाला दिलेली छटा आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. त्यानंतर सर्वांनीच ते आभाळ पुन्हा पाहिले.

पोळ्याला रंगवलेली शिंगे आणि अंगणातील रांगोळी ही कला आहे की रूढी?

या प्रश्नामागे एक मोठा वाद आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९० मध्ये असे प्रतिपादन केले की, सौंदर्याचा आनंद वस्तूच्या उपयोगावर किंवा ती आपल्याला हवीशी वाटण्यावर अवलंबून नसतो. मराठीत रा. भा. पाटणकर यांनी सौंदर्यविचारातील दोन प्रवाहांना लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशी नावे दिली आणि कलेविषयीच्या आपल्या कल्पनांत हे दोन्ही प्रवाह कसे गुंतलेले असतात ते दाखवले. अलौकिकतावादाप्रमाणे कलेचा अनुभव रोजच्या जगण्याहून सर्वस्वी वेगळा आहे असे मानले, तर पोळा कलेच्या बाहेर जातो. लौकिकतावादाप्रमाणे तो अनुभव जगण्याचाच भाग मानला, तर पोळा आत येतो, पण मग कोणतीही नीटनेटकी गोष्ट कला का नाही, याचे उत्तर द्यावे लागते.

मला येथे बा. सी. मर्ढेकर यांची मांडणी उपयोगी वाटते. संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांवर उभी असलेली लय हा सौंदर्याचा पाया आहे, असे ते मानत. मर्ढेकर स्वतः कलेला लौकिक हेतूंपासून दूर ठेवू पाहत होते, म्हणून त्यांनी हा दाखला मान्य केला असता असे मी म्हणत नाही. परंतु त्यांनी दिलेली तीन तत्त्वे घेऊन पोळ्याच्या सकाळी गोठ्यात उभे राहावे. एका बैलाचे डावे शिंग जरा खाली वळलेले आहे. रंगवणारा त्या शिंगावरचा पिवळा पट्टा थोडा रुंद घेतो, टोकाचा गोंडा वर सरकवून बांधतो, दोन पावले मागे येऊन पाहतो आणि पुन्हा पुढे जातो. मग मठाट्या, बेगड आणि झूल. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गीते, सुरू होईपर्यंत तो दहा वेळा मागे येऊन पाहतो. रूढी त्याला शिंगे रंगवायला सांगते. पट्टा किती रुंद घ्यायचा हे रूढी सांगत नाही. ती निवड त्याची आहे आणि ती डोळ्याने केलेली आहे. एवढ्यावर मी तिला कला म्हणतो.

रांगोळीलाही हेच लागू होते. शेणाचा सडा ओला असताना जमीन गडद असते आणि पांढरी रेघ उठून दिसते. सडा वाळत गेला की जमीन फिकी होते आणि तीच रेघ नरम पडते. पहाटे रेघ बारीक ठेवायची की ठसठशीत, हे त्या बाईला उन्हं वर आल्यानंतरचा रंग मनाशी धरून ठरवावे लागते.

देवळातील मूर्ती पूजावी की कलाकृती म्हणून पाहावी?

दोन्ही करता येते, पण दोन्हींमध्ये फरक आहे हे मान्य करावे. पूजेत भक्त मूर्तीला पाहतो आणि मूर्तीही भक्ताला पाहते अशी श्रद्धा असते. म्हणूनच मूर्तीचे डोळे उघडण्याच्या विधीला इतके महत्त्व आहे. कलाकृती म्हणून पाहताना आपण एकटेच पाहणारे असतो. पवनारला विनोबांच्या आश्रमाच्या जागेत जमीन खणताना भरत-राम भेटीचे प्राचीन शिल्प सापडले आणि विनोबांनी ते तेथेच पूजेसाठी स्थापन केले. शिल्पाचा अभ्यासक त्यात वाकाटक काळ शोधतो, भाविक दोन भावांची भेट पाहतो. मला असे वाटते की, कोरणाऱ्याने दोन देहांमध्ये किती जागा ठेवली आणि ती जागा भेटीचा भाव कसा धरून ठेवते, हे ज्याने नीट पाहिले त्याची भक्ती कमी होत नाही. वैनगंगेच्या काठावरील मार्कंडा येथील देवळांच्या बाह्य भिंतीही अशाच सावकाश पाहण्याजोग्या आहेत. दर्शन झाल्यावर लगेच गाडीत बसू नये.

ज्यात काहीच ओळखू येत नाही अशा चित्रात काय पाहायचे?

वस्तू ओळखणे बंद झाल्यावर जे उरते ते पाहायचे: रंगाचा थर, त्याची खोली, कडा, वजन. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ मध्ये नागपूरला झाला. ते रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून रंगाचे थर चढवत आणि काढत, आणि त्यांच्या चित्रांत उजेड आतून पाझरल्यासारखा वाटतो. चित्रकार सय्यद हैदर रझा मुंबईला जाण्यापूर्वी नागपूरच्या कला विद्यालयात शिकले. लहानपणी मध्य प्रदेशातील खेड्यात शाळेच्या गुरुजींनी त्यांचे चंचल मन स्थिर व्हावे म्हणून भिंतीवर एक बिंदू काढून त्याकडे पाहत बसायला सांगितले होते. पुढे तोच बिंदू त्यांच्या चित्रांचे केंद्र झाला. अशा चित्रापुढे पहिली दोन-तीन मिनिटे कंटाळा येतो. तो येऊ द्यावा.

चांगले-वाईट हे ज्याच्या त्याच्या आवडीवर नसते का?

आवड ज्याची त्याची असते. निवाडा तसा नसतो. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम याने १७५७ मध्ये असे सांगितले की, सूक्ष्म जाणीव, सराव, तुलना, पूर्वग्रहांपासून मुक्तता आणि विवेक हे ज्याच्याजवळ आहे त्याचा निवाडा अधिक विश्वासार्ह असतो. आपल्याकडे विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात एक श्लोक आहे: आचार्य रेषेची प्रशंसा करतात, जाणकार छायाप्रकाशाची, स्त्रियांना अलंकार आवडतात आणि इतर लोकांना रंगांची समृद्धी. पाहणारा कोणत्या पायरीवर थांबतो हे या श्लोकात फार अचूक पकडले आहे. त्यातील स्त्रियांविषयीचे विधान मात्र मला मान्य नाही. आमच्या बैठकीत रेषेतील कमी-जास्त दाब सर्वांत आधी ओळखणाऱ्या बायका आहेत, कारण चिमटीतून रेघ सोडण्याचा सराव त्यांनाच आहे.

भिंतीवरचे दिनदर्शिकेतील देवाचे चित्र आवडत असेल तर ते खुशाल आवडू द्यावे. त्याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहावे, एवढेच सांगणे आहे.

मोतीबिंदू असलेल्या माणसाला रंग वेगळे दिसतात का?

होय. डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश कमी पोचतो. शस्त्रक्रियेनंतर अनेक आजींना आपले निळे लुगडे नवे वाटते ते त्यामुळेच. फ्रेंच चित्रकार मोने यांच्या डोळ्यावर १९२३ मध्ये अशी शस्त्रक्रिया झाली. त्याआधीच्या काही चित्रांत तांबूस-तपकिरी रंगाचा जोर दिसतो.

मोबाइलवर सर्व चित्रे दिसतात. प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची गरज काय?

मोबाइलवर आकार कळत नाही आणि पृष्ठभाग कळत नाही. सेवाग्रामच्या बापू कुटीत मातीच्या भिंतीवर मीराबेन यांनी काढलेले ताडाच्या झाडांचे आणि चरख्याचे उठाव आहेत. भिंतीचा आणि आकृतीचा रंग एकच असल्यामुळे ते केवळ सावलीवर दिसतात, आणि आपण जागा बदलली की सावलीही बदलते. छायाचित्रात त्यातली एकच सावली राहते. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ पासून आहे. बाजारहाटासाठी नागपूरला गेल्यावर तेथे एक तास काढता येतो.

मुलांना चित्र पाहायला कसे शिकवावे?

एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांमुळे आपल्या शाळांत चित्र काढण्याचा सराव होतो. पाहण्याचा फारसा होत नाही. मुलांना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो: हे काय आहे? बैल, असे उत्तर येते आणि पाहणे संपते. यार्बुस या रशियन संशोधकाने विसाव्या शतकाच्या मध्यात चित्रकार रेपिन यांचे एक चित्र दाखवून लोकांच्या नजरेच्या हालचाली टिपल्या. चित्रातील माणसांची वये सांगा असे म्हटल्यावर नजर चेहऱ्यांवर फिरली, त्यांची सांपत्तिक स्थिती सांगा म्हटल्यावर ती कपड्यांवर आणि सामानावर गेली. चित्र तेच होते, प्रश्न बदलले होते. म्हणून मुलांना निरनिराळे प्रश्न द्यावेत: उजेड कोणत्या बाजूने येतो, सर्वांत गडद जागा कोणती, या माणसाला उकडते आहे की थंडी वाजते आहे आणि ते कशावरून कळले. त्यानंतर चित्र झाकून ठेवावे आणि आठवणीने काढायला सांगावे. काढलेले आणि मूळ चित्र शेजारी ठेवले की पाहणे कोठे सुटले होते ते मूल स्वतःच बोट ठेवून दाखवते, आणि बहुतेक वेळा ते लगेच दुसरा कागद मागते.